सगुणाचं माहेर

आत्याबाई,

तुमच्या मातीला आलेली माणसं गेटपाशी थांबून आधी विचारत होती, "कुत्रं बांधलंय ना?" आणि हो म्हटल्यावर मग हुंदका देऊन आत येत होती. तुमच्या माहेरच्या वहिनी तर गल्लीच्या तोंडापासून रडत आल्या, गेटपाशी गप झाल्या, डोळे पुसून आत नीट बघून घेतलं आणि पायरी चढल्यावर पुन्हा सुरू झाल्या. मला अशा वेळी हसू आलं. मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं सून रडतेय. तुम्ही शेजारी असता तर कोपरानं ढोसून म्हणाला असता, "मंगल, खांदे लई हलायलेत तुझे, जरा बेतानं."

नंतर रडलेही. ते तुम्हाला सांगत बसत नाही.

सगुणानं अन्न सोडलं का, असं जो येतो तो विचारतो. लोकांना ते ऐकायचं असतं. पण खरं सांगू का, तुम्ही गेलात त्या संध्याकाळी ती तुमच्या खाटेखाली जाऊन हुंगून आली, दारात थोडी उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताट चाटूनपुसून साफ केलं. मला आधी रागच आला तिचा. मग वाटलं, ही तुमच्याच हाताखाली वाढलीय. रुसून ताटावरून उठणारं माणूस तुम्हाला कधी खपलं नाही, मग कुत्र्याचं कसं खपलं असतं.

परवा तुमचं तेरावं झालं. पाहुणे गेले, मांडव निघाला, भाड्याची भांडी परत गेली. आता घर शांत आहे आणि तुम्ही अंगावर घेतलेलं एक काम माझ्या गळ्यात पडलंय. तुमच्या नातीला, पल्लवीला, सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण, माहेरीच व्हायचं, त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं. पण जालन्याहून तिच्या सासूबाईंचा निरोप आला होता की ते राक्षसासारखं कुत्रं घरात असेपर्यंत सून पाठवणार नाही. तुम्ही अंथरुणात पडल्या पडल्या म्हणालात, "तू नको तोंड घालू. मी बोलते विहिणीशी." आणि न बोलताच निघून गेलात. हे काही बरोबर केलं नाहीत.

सगुणा कशी आली ते आठवतंय का? आपल्या गल्लीत दोन-तीन घरं फुटली होती. तुमचे चिरंजीव शेंद्र्याच्या कंपनीत, पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. घरात तुम्ही आणि मी. त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवला, काळंभोर, जबड्याचं, भुवयांवर तांबूस ठिपके. रॉटविलर. मी म्हटलं, हे घरात आलं तर मी बाहेर. टीव्हीवर त्याच जातीच्या बातम्या. इथं कुणाला फाडलं, तिथं कुणाला धरलं. शेजारचे काका तर गेटवर येऊन सांगून गेले की त्यापेक्षा चोर परवडला, चोर निदान ओळखीचा तरी निघतो.

तुम्ही फोटो लांब धरून, जवळ धरून पाहिलात आणि म्हणालात, "फोटूवर काय ठरवायचं? आधी आई दाखवा. आई बघितल्याबिगर आपल्या घरात काय येत नसतं."

आणि तुम्ही खरोखरीच स्थळ बघायला निघाल्यासारख्या निघालात. ठेवणीतलं इरकल नेसलात. पिशवीत नारळ, खण, तांदळाची पुडी. मी विचारलं हे कशाला, तर "रिकाम्या हातानं लेकीच्या घरी जातेत व्हय?" करमाडच्या अलीकडं पिल्लं विकणाऱ्या शकीलभाईंचं शेतघर. त्या माणसानं खुर्च्या मांडल्या, पाणी दिलं, आणि मोठ्या अभिमानानं पिल्लांच्या बापाचा फोटो काढला. "अम्मा, बाप देखो, बहोत बडा नाम है इसका."

"बाप राहू द्या. बाप कुठं बघत असतेत? आई कुठंय?"

आई आणली. मी खुर्चीवर पाय घेऊन बसले, तुमचे चिरंजीव उगीच फोन आल्यासारखं करून बांधापर्यंत गेले. तुम्ही मात्र तिच्याकडं नाही, शकीलभाईंच्या बायकोकडं पाहिलंत. नसीमभाभी दारात उभ्या होत्या. "तुम्ही सांगा माय. ही जेवताना कशीय? ताटात हात घातला तर? पाव्हणं आलं तर? दुखलं-खुपलं तर कुणाकडं जाती?" त्या बिचाऱ्या आधी नवऱ्याकडं बघत होत्या, मग खुलल्या. मुलीला ताप होता तेव्हा ही पलंगाखालून हलली नाही म्हणे. बाहेरचा माणूस आला की भुंकते, पण घरातल्यानं "बस" म्हटलं की बसते. आणि फटाक्यांना एवढी भिते की दिवाळीत न्हाणीत जाऊन लपते. तुम्हाला तेच आवडलं. "भेव वाटतंय म्हणून सांगती, म्हंजी खोटं नाय बोलत," असं मला कानात म्हणालात. कोण खोटं बोलत नाही, कुत्री की नसीमभाभी, ते मी विचारलं नाही.

मग तुम्ही तिची ओटी भरलीत. शकीलभाईंचा चेहरा मी विसरणार नाही. त्या एवढ्या थोरल्या धुडानं खण हुंगला, मग ती तांदळावर शिंकली आणि नारळ तोंडात धरून कोपऱ्यात गेली. "घेतला," तुम्ही म्हणालात. "पसंत हाय तिला."

पिल्लांत एक अंगावर उड्या मारत होतं, ते तुमच्या लेकाला आवडलं. एक पोत्यामागं लपलं होतं, त्याची मला दया आली. तुम्ही दोन्ही नाकारलीत आणि तिसरीच उचललीत, जी आली, तुमचा अंगठा हुंगला आणि बाजूला बसून आमची गंमत बघत राहिली. घरी येताना मांडीवर घेऊन नाव पण ठेवून टाकलंत. सगुणा. औरंगपुऱ्यात तिच्यासाठी पट्टा घ्यायला गेले तेव्हा दुकानदारानं नाव विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, "ताई, कुत्र्याचं विचारलं, तुमचं नाही."

तुमचं सगळंच बरोबर होतं असंही नाही हं. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून तुम्ही तिला पहिल्याच आठवड्यात असं जुलाबाला लावलंत की मी घर पुसून पुसून दमले. जनावरांच्या डॉक्टरनं दूध बंद करा म्हणून सांगितलं तर "कालचं पोरगं ते, त्याला काय कळतंय" असं म्हणालात. दुसऱ्या दिवसापासून दूध मात्र बंद झालं. चूक तोंडानं मान्य करायची नाही आणि हातानं गुपचूप दुरुस्त करायची, ही तुमची रीत मला ठाऊक होती. माझ्या बाबतीतही तीच तर होती.

मला बघायला आलात तो दिवस तुम्ही हजारदा सांगितलात, पण माझ्या बाजूनं कधी ऐकला नाहीत. आमच्या गावच्या पोरींचं नाव खराब. भांडखोर, तोंडाळ, सासूला पाण्यात पाहणाऱ्या. पंचक्रोशीत म्हणत की त्या गावची सून केली की सासूनं काशीचं तिकीट काढावं. तुमचे दीर बैठकीतच कुजबुजत होते, मी पोह्यांचं ताट घेऊन आले तेव्हा माझ्या कानावर पडलं. तुम्ही मला फार काही विचारलं नाहीत. "जरा पाणी पिऊन येते" म्हणून उठलात आणि थेट आत आईजवळ चुलीपुढं जाऊन बसलात. आई गडबडली. बोलण्याच्या नादात दूध उतू गेलं. आईनं पातेलं उतरवलं, हसली आणि म्हणाली, "गेलं तर गेलं, मांजराचं नशीब." तुम्ही बाहेर येऊन दिरांना सांगितलंत, "ठरलं." ना हुंडा, ना पत्रिका. एवढ्यावर माझी तीस वर्षं ठरली.

आता गावाचं नाव मी अगदीच बुडवलं नाही, हे तुम्हीही कबूल कराल. पहिल्याच वर्षी भाजीत मीठ जास्त की कमी यावरून आपलं असं जुंपलं की शेजारच्यांनी दारं लावून घेतली. तुम्ही एक बोलायच्या, मी दोन. पण तुम्ही कधी माझं माहेर काढलं नाहीत. "तुमच्या गावच्या पोरी असल्याच" हे वाक्य मी रोज ऐकायची तयारी करून आले होते, ते या घरात मला एकदाही ऐकू आलं नाही. तुमचे आभार मानायचे तर याचे मानेन. तोंडावर कधी मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही म्हणाला असता, "ताप आलाय का तुला?"

आपलं खरं भांडण वेगळंच होतं आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मेथी निवडताना, शेंगा फोडताना, लाइट गेल्यावर ओट्यावर बसल्यावर. तुमचं म्हणणं, स्वभाव आईकडून येतो. माझं म्हणणं, घराकडून. वाघाचं पिल्लूही नीट घरात नीट वाढेल आणि गाईचं वासरूही मार खाऊन मारकं होईल. तुम्ही म्हणायच्या, "मग मी तिथवर इरकल नेसून कामून गेले व्हते?" मी म्हणायचे, "हौस म्हणून." सगुणा मधे पडून दोघींची तोंडं बघायची.

आणि ती वाढत गेली ती तुमच्या हाताखाली. तिला तुम्ही कधी मारलं नाहीत, ओरडला पण नाहीत. सून समजूनच बोलायच्या तिच्याशी. "चार माणसांत असं तोंड वासून बसू नये." "ताट पुढं आलं की लगेच तुटून पडायचं नाय, घे म्हटलं की घ्यायचं." पाहुणा आला की तुम्ही तिच्या आणि पाहुण्याच्या मधे तिरप्या उभ्या राहायच्या, एक हात मागं, पंजा उघडा. ती तुमच्या त्या हाताला नाक लावायची आणि पोत्यावर जाऊन बसायची. आणि गल्लीतलं एखादं लेकरू आलं की कितीही लाडात असली तरी पट्टा तुमच्या मुठीत. "विश्वास हाय माझा तिच्यावर," म्हणायच्या, "पण लेकरावर नाय. लेकरू डोळ्यात बोट घालंल."

मग तो आखाड आला. नव्या सुना आखाडात माहेरी जातात, मग सगुणा का नाही? तुमचे चिरंजीव डोक्याला हात लावून बसले. मी म्हटलं, आत्याबाई, कुत्र्यांना माहेर नसतं. तुम्ही ऐकलं तर ना. तिला न्हाऊ घातलंत, पट्ट्याला लाल फीत बांधलीत, नसीमभाभींसाठी धपाटे बांधून घेतलेत. गाडीत मागच्या सीटवर ती आणि तुम्ही, दोघी खिडकीतून बाहेर बघत.

पुढचं आपण दोघी नंतर कधी नीट बोललो नाही. आईला बाहेर आणलं. तिनं सगुणाकडं पाहिलं आणि ओळख तर राहोच, मानेवरचे केस उभे केले, ओठ वर गेले, असा आवाज काढला की मी दोन पावलं मागं सरले. आपली एवढी थोराड झालेली सगुणा तुमच्या मागं शिरली आणि इरकलाच्या निऱ्यांत तोंड घातलं. शकीलभाईंनी साखळी खेचून आईला आत नेलं. तुम्ही मात्र जागच्या हलला नाहीत, त्या बंद दाराकडं बघून जोरात म्हणालात, "पोटची हाय ती तुझ्या! लाज वाटू दी जरा!" नसीमभाभींनी चहा केला. तुम्ही घोट घेतला नाहीत. धपाटे तेवढे देऊन आलात.

परत निघालो. शेंद्र्याचा चौक मागं पडला तेव्हा तुम्ही तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलंत आणि म्हणालात, "माहेर नाय गं हिला. आता आपुनच काय ते."

मी तेव्हा गप्प राहायला हवं होतं की नको, कोण जाणे. पण आमच्या गावची मी. चार दिवसांनी मेथी निवडताना विचारलंच, "मग आई बघून काय मिळालं, आत्याबाई?" तुम्ही जुडी उचलून आत गेलात. पुढं बऱ्याच दिवसांनी, मधेच, काही विषय नसताना म्हणालात, "दात दावले तिनं, लावले नाय. अनोळखी मोठी कुत्री दारात आल्यावर तू असतीस तर लावले असतेस." मी इतकी हसले की तुम्हालाही हसू फुटलं. पण हार तुम्ही मानली नाहीत, मीही नाही. तो विषय तसाच उघडा राहिला आणि आता उघडाच राहणार असं वाटत होतं.

कारण तुम्ही गेल्यावर माझाच धीर सुटला होता. सगुणा तुमचं ऐकते, तुमच्या हाताला नाक लावते. माझं ऐकेल? घरात बाळ येणार. तुमचे चिरंजीव म्हणाले, मित्राचं शेत आहे करमाडला, तिकडं ठेवू काही महिने, पुढचं पुढं बघू. पुढचं पुढं म्हणजे काय ते मलाही कळत होतं आणि त्यांनाही. पल्लवी फोनवर रडली. "आजी गेली आणि लगेच सगुणालाही घालवता?" आणि दुसऱ्या वाक्यात, "पण मग मी कशी येऊ, आई?" मी होकार देत आले होते, आत्याबाई. गाडी पण ठरली होती. सांगून टाकते, तुम्ही रागावलात तरी आता काय करणार.

काल जालन्याहून विहीणबाई तुमच्या दुखवट्याला आल्या. गेटपाशी थांबल्या. मी म्हटलं, बांधलंय, या. त्या आल्या, तुमच्या फोटोला हात जोडले, बसल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आता सोडा तिला. आणा बरं समोर. बिनबघता किती दिस भ्यायचं?"

पट्टा हातात घेऊन मी तिला मागच्या अंगणातून आणलं. सगुणानं नवीन माणूस पाहिलं आणि एकदाच भुंकली. विहीणबाईंनी पाय वर घेतले. मी काय केलं ते मला आता आठवतं, तेव्हा कळलं नव्हतं. मी मधे तिरपी उभी राहिले. एक हात मागं, पंजा उघडा. हाताला ओलं नाक लागलं. "चार माणसांत आवाज करू नये," मी म्हटलं, हळू, आणि ती पोत्यावर जाऊन बसली. मग मी चहा टाकला, तिची भाकरी मोडली, घे म्हटल्यावर तिनं घेतली, मधेच मी ताट उचललं, पुन्हा ठेवलं. विहीणबाई सगळं बघत होत्या. बराच वेळ बसल्या. पल्लवीच्या गोळ्या, डोहाळे, लोणचं, सगळं बोलणं झालं, पण कुत्रीबद्दल अवाक्षर नाही. 

उठताना म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात घेऊन जा सुनंला."

मला खरं वाटेना. "म्हणजे सगुणा पसंत पडली तुम्हाला?"

"कुत्रीचं मला काय कळतंय? मी तुमच्याकडं बघत व्हते. पण बाळापाशी तिला एकटं सोडायचं नाय. एक मिनिट बी नाय."

"नाही सोडणार," मी म्हटलं. "पट्टा माझ्या मुठीत राहील."

त्या बाहेर गेल्या आणि मी इथं तुमच्या फोटोपुढं उभी राहिले. जिंकले होते मी, आत्याबाई. त्यांनी जात बघितली नाही, आई बघितली नाही, घर बघितलं. इतक्या वर्षांचं आपलं भांडण एका बाहेरच्या बाईनं माझ्या बाजूनं निकालात काढलं होतं, आणि तुमचं तोंड बघायला तुम्ही जागेवर नव्हता. मला इतकं वाईट वाटलं.

तेवढ्यात विहीणबाई चपला घालता घालता दारातून परत वळल्या. म्हणाल्या, "एक विचारायचं राहिलं. जनावर असं सांभाळायचं कुठून आलं तुमच्यात? तुमच्या आईकडून?"

माझी आई. चुलीपुढं हसलेली. तिनं आयुष्यात कुत्रं पाळलं नाही, अंगणात आलेलं हाकलायची ती. मी तोंड उघडलं आणि नाही म्हणणार होते. तुम्हाला मी तीस वर्षांत आत्याबाईशिवाय दुसरं काही म्हटलेलं नाही.

"हो," मी म्हणाले, "आईकडूनच."